रंग लागलेली खुर्ची

तुमच्या मुलांच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर ज्या खुर्च्या आहेत, त्यांवर कोण बसतं हे तुम्ही कधी पाहिलंय का? आणि दारातच कोण उभं राहतं?

मी पाहिलंय. दोन शाळांत पाहिलंय. एक पेणची, एक रोह्याची.

पेणच्या शाळेत मी सहावीपर्यंत होते. भाऊ माझ्यापुढे एक वर्ष. आम्ही जोहे गावातून एसटीने जायचो. वडील हमरापूरच्या एका कारखान्यात गणपती रंगवायचे. सणाच्या आधी काम इतकं असायचं की त्यांच्या हातांचा मूळ रंग दिसायचा नाही. अशाच दिवसांत भावाने वर्गातल्या एकाचं डोकं फोडलं आणि बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, वडिलांना बोलावलं. ते हातातलं काम टाकून तसेच आले आणि दारात थांबले.

"बसा दादा," बाई वडिलांना म्हणाल्या.

"नको बाई, रंग ओला हाय. खुर्चीला लागंल."

"लागू दे. खुर्ची पुसता येते."

वडील बसले. खुर्चीच्या हाताला त्यांची गुलाबी बोटं उमटली. तिथे आधीच पिवळी, निळी, सोनेरी बोटं होती, कितीतरी बापांची आणि आयांची. बाईंनी ती शिपायाला कधी खरवडू दिली नाहीत. त्या दिवशी त्यांनी आधी भावाचं गणित किती पक्कं आहे ते सांगितलं आणि मग डोकं फोडल्याचं. वडील घरी आले आणि भावाला एवढंच म्हणाले, "बाईंनी तुझी लाज राखली. आता तू त्यांची राख." त्या शाळेत भावाने पुन्हा कुणावर हात उचलला नाही.

बाई गोड होत्या असं कुणी समजू नये. चांगल्या खमक्या होत्या. एका सरांनी वर्गात एका मुलाच्या रंगलेल्या नखांवरून विनोद केला तेव्हा बाईंनी त्यांना खोलीत बोलावून दार लावून घेतलं. आत काय झालं ते आम्हाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले आणि म्हणाले, "काल मी चुकीचं बोललो." फळ्याकडे वळले आणि शिकवायला लागले. त्यानंतर नखांवरून कुणी हसलं नाही. आम्हीही नाही.

मग वडिलांना धाटावच्या एका केमिकल कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही रोह्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. घरात पहिल्यांदा दर महिन्याला पगार आला, आणि पगाराबरोबर युनियनच्या गेट मीटिंगची पत्रकं. मी ती पत्रकं वाचतच मोठी झाले. कामगाराच्या सन्मानाबद्दल त्यांत पुष्कळ लिहिलेलं असायचं. कामगाराचं पोर ज्या शाळेत जातं, तिथे त्या सन्मानाचं काय होतं, याबद्दल एक ओळ नसायची.

रोह्याच्या शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं: आनंददायी शाळा. दारात फुलांच्या कुंड्या होत्या. मुख्याध्यापकांच्या खोलीत गादीच्या खुर्च्या होत्या आणि त्यांच्या पाठींवर पांढरे टॉवेल. तपासणीला साहेब आले की ते त्यांवर बसायचे.

भाऊ नववीत असताना उशिरा येतो म्हणून वडिलांना बोलावणं गेलं. त्यांची थर्ड शिफ्ट होती. सकाळी सुटल्यावर ते कंपनीच्या बसमधून सरळ शाळेजवळच उतरले. मी खडू न्यायला ऑफिसात आले होते. माझ्यासमोर घडलेलं सांगते आहे.

"तिथेच थांबा," मुख्याध्यापक सर खुर्चीतून म्हणाले. "वास येतोय हो. कंपनीतून सरळ आलात वाटतं?"

"व्हय सर. रात्रपाळी होती."

"अंघोळ करून यायचं ना. ही शाळा आहे."

"केलीय सर. कंपनीतच करून निघतो आमी. हा जात नाय."

खिडकीबाहेर मुलं उभी होती. ती हसली. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि तेही थोडंसं हसले. बस्स. त्यांनी कुणाला मारलं नाही, शिवी दिली नाही. थोडंसं हसले.

मधल्या सुट्टीपर्यंत भावाचं नाव गॅस पडलं होतं.

"ए गॅस, बाजूला सरक! डबा खायचाय!"

"खिडकी उघडा रे, गॅस आला!"

आठवडाभरात एक शिक्षकसुद्धा हजेरी घेताना म्हणाले, "आमचा सिलिंडर आलाय का आज?" वर्ग फुटला हसून. त्यांना कोण खोलीत बोलावणार होतं? मुख्याध्यापक हसले की ते हसू सगळ्या शाळेत वाटलं जातं. प्रार्थनेनंतर सूचना द्यावी लागत नाही.

भाऊ घरी येऊन वडिलांना म्हणाला, "तुमी शाळेत येऊ नका." वडिलांनी कारण विचारलं नाही. ते घरी आल्यावर पुन्हा अंघोळ करायला लागले. लिंबू चोळायचे, दगडाने हात घासायचे. आई थट्टा करायची, "इतका साबण मला धुण्याला पण लागत नाय हो." वडील म्हणायचे, "अगो, लग्नाला उभा रायचा हाय परत." आई हसायची. भाऊ भिंतीकडे तोंड करून बसायचा.

दहावीत तो शाळेऐवजी एसटी स्टँडवर बसायला लागला. हजेरी कमी पडली. वडिलांना आणल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म भरणार नाही, असं सरांनी त्याला बजावलं. वडिलांना पुन्हा त्या दारात उभं करण्यापेक्षा त्याने परीक्षा सोडली. घरात कुणालाच सांगितलं नाही. वडिलांना कळलं ते कंपनीतल्या एकाने पोराला स्टँडवर पाहिलं तेव्हा.

त्यांनी रजा टाकली. लग्नाकार्यात घालायचा पांढरा सदरा घातला. मीही बरोबर गेले. सदरा पाहून सर म्हणाले, "या, या. बसा ना."

वडील उभेच राहिले. "नको सर. खुर्चीला वास लागंल."

"कसला वास?" सरांनी विचारलं.

त्यांना आठवतच नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. मग ते शांतपणे म्हणाले की फॉर्मची मुदत संपली आहे, पालकांनी वेळेवर लक्ष द्यायला हवं होतं. पुढच्या वर्षी बाहेरून बसता येईल, असंही म्हणाले. भाऊ बसला नाही. आज तो धाटावलाच ठेकेदाराकडे लागलाय. घरी आल्यावर तोही लिंबू चोळतो.

चांगल्या शाळेवर भाषणं होतात तेव्हा मला ती पेणची खुर्ची आठवते. बाईंकडे काही जास्त पैसा नव्हता, भिंतीवर ब्रीदवाक्य नव्हतं. आपण दारातल्या माणसाशी जसं बोलू तसंच शाळा त्याच्या पोराशी बोलेल, एवढं त्यांना ठाऊक होतं आणि त्या रोज तसं वागत होत्या.

म्हणून एक मागणं आहे. पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा दाराकडे बघा. तिथे कुणीतरी उभं असेल. उठा, त्याला तुमची खुर्ची द्या. आणि सगळ्यांसमोर मुख्याध्यापकांना विचारा: रात्रपाळीच्या बापाने तुमच्याकडे कधी यायचं, आणि आल्यावर बसायचं कुठे? उत्तर मिळेपर्यंत तुम्हीही उभेच राहा.