फायनलसाठी सासरे ॲडमिट

हसणार असाल तर आधीच सांगा, म्हणजे मी चहा संपवतो आणि गप बसतो. अंगात साधी कणकण नसलेल्या माझ्या सासऱ्यांना मी एकदा मिरजेत ॲडमिट केलं होतं. कशापायी? फुटबॉलपायी!

नव्वद-पंच्याण्णवच्या आसपासची गोष्ट. आमच्या कराडच्या गल्लीची टीम मिरजेच्या स्पर्धेत पहिल्यांदाच फायनलला गेली. मॅच रविवारी. आता मी काही खेळाडू नव्हे. पण लहानपणापासून मैदानाच्या कडेला ओरडून ओरडून घसा बसवून घेतलेला माणूस! मी नसताना आमची पोरं फायनल खेळणार? छे!

अडचण एवढीच, की त्याच रविवारी पलूसला सासुरवाडीला जाऊन बायकोला, सुनंदाला, घेऊन यायचं ठरलं होतं. मी निरोप धाडला, "शिरवळला कंपनीचं अर्जंट काम निघालंय." आणि शनिवारीच दोस्ताला, बाळ्याला, घेऊन मिरजेत उतरलो. म्हटलं, दोन दिवस नुसती चैन!

पण लॉज सगळे फुल! हिंडून हिंडून पाय मोडले, तेव्हा एकानं आक्का म्हणून एका घरमालकिणीच्या भाड्याच्या खोल्या दाखवल्या. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. पेशंटबरोबर आलेले नातेवाईक अशा खोल्यांत महिना महिना राहतात, हातानं रांधून खातात. आत स्टोव्ह, पातेली, ताटं, सगळं तयार. मी तर स्टोव्ह बघूनच खूश. "बाळ्या, उद्या जिंकलो ना, की अख्ख्या टीमला माझ्या हातचं पिठलं!"

आक्का दारातच उभ्या. "पेशंट कोन हाय तुमचा?"

"पेशंट न्हाई, आमी मॅच..." बाळ्यानं तोंड उघडलं.

"मग फुडं बघा. पेशंटच्या मानसांनाच खोली देते मी."

"सासरे!" मी ओरडलो. सासरेच का? देव जाणे! अहो, एखादा मेलेला चुलता सांगितला असता, तर निदान तो तक्रार घेऊन तरी आला नसता.

आक्का एकदम विरघळल्या. "आगं बाई! जावई असून सासऱ्याचं करायला आलायसा? पोटचं पोर बी करत न्हाई आजकाल." खोली मिळाली. वर पेशंटला न्यायला मऊ भात मिळाला. तो आम्ही मैदानाच्या कट्ट्यावर बसून खाल्ला.

संध्याकाळी शेजारच्या खोलीतले शिवामामा टेकायला आले. त्यांची बायको खरोखरच दवाखान्यात.

"सासऱ्यांचं गाव कंचं?"

"पलूस," मी बोलून गेलो.

"आरं तिच्या! मी बी पलूसचाच की! कोन म्हनायचं?"

आता काय करता? नाव सांगावंच लागलं. "सुभेदार."

"सुभेदार? आवं, परवा बाजारात वांगी निवडत हुते की!"

"एकदम झालं, मामा. छातीत."

मामांनी डोळ्याला धोतर लावलं. बाळ्या भिंतीकडं तोंड करून गदागदा हलत होता. मामांना वाटलं, रडतोय. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

आपल्याकडं माणूस आजारी पडलं, की त्याच्या घरी जाऊन धीर द्यायचा, ही रीतच आहे. रविवारी सकाळी शिवामामा डबा आणायला गावी गेले आणि आधी सुभेदारांच्या घरी वळले. तर सुभेदार ओसरीत बसून चहा पितायत!

दुसरा कुणी असता तर खो खो हसला असता. पण सासऱ्यांचं डोकं मिलिटरीतलं. त्यांनी विचार केला, जावई शिरवळला म्हणून सांगतोय आणि राहतोय मिरजेत. नाव माझं घेतोय. म्हणजे आजार त्यालाच झालाय, आणि पोरीला घोर नको म्हणून लपवतोय!

दुपारी मी गळ्यात टीमचा रुमाल बांधून, हातात पिपाणी घेऊन निघालो, तर दारात टेम्पो. त्यातून सासूबाई उतरल्या, रडून डोळे सुजलेली सुनंदा उतरली, मागनं निम्मी भावकी उतरली. शहाळी काय, मोसंबी काय! मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी माझ्या कपाळाला अंगारा फासला.

सासरे पुढं आले. कधी हसून न बोलणारा माणूस, पण आवाज कापत होता. "जावईबापू, आसं लपवू ने आमच्यापासनं. पुन्याला न्हिऊ, मुंबईला न्हिऊ. तुमी घाबरू नका."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात कुणी माझ्यासाठी एवढं घाबरलं नव्हतं, आणि मी पिपाणी पाठीमागं लपवत होतो!

तेवढ्यात आक्का बाहेर आल्या. "हे पावनं कोन?"

"मी ह्यांचा सासरा."

"सासरा? मग दवाखान्यात कोन हाय?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. शेवटी बाळ्याच म्हणाला, "आवं, फायनल हाय. फुटबॉलची."

सुनंदाचं रडं चटकन थांबलं. ते जास्त भीतीदायक होतं.

"फुटबॉल?" सासऱ्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आवं, पलटनीत असताना मी बॅकला खेळलोय! आदी सांगितलं आसतं तर मिळूनच आलो नसतो व्हय? चला रं, बसा टेम्पोत! आक्का, तुमी बी चला."

मी आनंदानं टेम्पोत पाय ठेवला. सासऱ्यांनी खांद्यावर हात ठेवून खाली उतरवलं.

"तुमी कुठं? पेशंटनं आराम करायचा. आनि ही मंडळी उपाशीपोटी पळत आलीया. खोलीत स्टोव्ह हाय म्हनं."

सुनंदानं माझ्या गळ्यातला रुमाल सोडला, हातातली पिपाणी घेतली आणि ती वाजवतच टेम्पोत चढली. घरात कधी नाही ती बाळ्याच्या शेजारी बसून फिदीफिदी हसत गेली!

मी स्टोव्हला पंप मारत बसलो. मैदानावरनं आरोळी उठली, की मी पळीसकट खिडकीत! गोल आपला की त्यांचा, काही कळायचं नाही. परत येईपर्यंत पिठलं खाली लागलेलं आणि वर गुठळ्या. मीठ एकदा घातलं की दोनदा, तेही आठवेना.

आम्ही जिंकलो. म्हणजे ते जिंकले. सगळी मंडळी नाचत आली, पंगत बसली. पहिलं ताट सासऱ्यांना. त्यांनी घास घेतला, थांबले, गटागटा तांब्याभर पाणी प्याले. मी जीव मुठीत धरून उभा.

"आक्का," ते म्हणाले, "ही खोली आनखी म्हैनाभर ऱ्हाऊ द्या. आमचं जावई खोटं बोलत न्हवतं. चला, आता मला ॲडमिट करा."