आमचं नेट आणि बाबांचा झोपाळा

मंडळी, आज मी जिंकले!

दिवाळीपासून घरच्या कॉम्प्युटरचं नेट मधूनमधून गायब व्हायचं. "असंच चाललं तर सोमवारपासून ऑफिसातच या," असं बॉसनं सुनावलं होतं. नेट कंपनीचा माणूस तीनदा आला. दर वेळी नेट एकदम झकास! "मॅडम, आपके यहाँ तो सब बढ़िया चल रहा है," म्हणायचा, पोहे खायचा आणि जायचा. खोटी मी पडायचे.

आज सकाळी मीटिंगमध्ये स्क्रीन परत अडकली. चिडून मागे वळले, तर माझे सासरे झोपाळ्यावर मजेत झोके घेत होते. तेवढ्यात बेल वाजली म्हणून ते उठले, आणि इकडे नेट आलं.

"बाबा, परत झोका घ्या बरं."

नेट गेलं.

"आता उठा."

आलं!

"अगं, कवायत करवतेस का माझ्याकडून?"

स्टुलावर चढून पाहिलं. दिवाळीच्या सफाईत लोंबणारी वायर मीच झोपाळ्याच्या कडीला बांधली होती. दर झोक्याला हिसका बसून राउटरमधली पिन हलायची. गाठ सोडली, वायर भिंतीला लावली. दुपारची मीटिंग दोन तास चालली, मागे बाबांचे झोके चालू असताना!

आणि तो माणूस आला की नेट का चालायचं? पाहुणा आला म्हणून बाबा झोपाळ्यावरून उठून त्याला पोह्यांचा आग्रह करत बसायचे.

तुमच्याकडेही दुरुस्तीवाल्यासमोर बिघाड गायब होतो का? मग त्याच्या स्वागताला कोण उठतं, ते आधी बघा!