मॉडेमची परवानगी

आमच्या उपसा सिंचन संस्थेचं ऑफिस बारामतीत, पंप इंदापूरकडं नदीकाठी. थ्री-फेज लाईट आली की पंप आपोआप सुरू व्हायचा. बंद करायचा तर ऑफिसातल्या लिनक्स कॉम्प्युटरला जोडलेल्या सिमकार्डाच्या मॉडेमवरून मेसेज पाठवून. पंपाचा स्टार्टर दुसऱ्या कुठल्या नंबरचं ऐकतच नसे. मॉडेम वापरायचा अधिकार फक्त माझ्याकडं होता. कुणी उगाच पंपाशी खेळेल, ही मला धास्ती.

कमिटीनं सांगितलं म्हणून एका सकाळी मी ऑपरेटर मुलीचं नाव कॉम्प्युटरवर मॉडेम वापरायची परवानगी असलेल्यांच्या गटात घातलं. ती लासुर्ण्याची, नवीनच लागलेली. तिनं विचारलं, "तात्या, आता लॉगआउट करून परत आत यायचं का?"

"ही विंडोज न्हाय, सारखी बंद-चालू करायला," मी म्हणालो. ती हसली. एकदा वापरून बघ, एवढंही मी म्हणालो नाही.

दुपारी फोन आला. टेकडीवरच्या हौदात आमचा पाणीवाला पाइपाच्या तोंडात शिरून गाळ काढत होता आणि लाईट वेळेआधी आली होती. काठावरून त्याचा भाऊ ओरडत होता, "बंद करा! त्याला आत ऐकूच जाईना!" पाणी टेकडी चढेपर्यंतच काय ती उसंत.

मुलीनं कमांड दिली. पडद्यावर आलं, परवानगी नाही.

"तात्या, न्हाय म्हणतंय!"

"सकाळी दिलीया की!"

तिनं पुन्हा दिली. तेच. तिला बाजूला सारून मी बसलो. माझ्या नावानं लॉगिन करायला लागलो. पासवर्ड चुकला, परत चुकला. मग लागला. पंप थांबला, पण फोनवर कुणी बोलेना. विचारायचं मला धाडस होईना. मुलगीच विचारत राहिली, "दादा, हायत का ते? दादा?"

"हाय," भाऊ म्हणाला. "पाय धरून वढला भायेर. मागनं पाणी आलंच."

संध्याकाळी कमिटीपुढं मी सांगितलं, पोरगी घाबरली, कमांड चुकली. त्याच बैठकीत तिला काढून टाकलं.

गटात नाव घातलं तरी पुन्हा लॉगिन केल्याशिवाय ते लागू होत नाही. तिचं बरोबर होतं. दुसऱ्याच दिवशी मला हे कळलं होतं. पण माणसावर मरायची वेळ आली, ती माझ्यामुळं, हे तोंडातून काढायची भीती वाटली.

गेल्या महिन्यात कमिटीला सगळं सांगितलं. मग लासुर्ण्याला गेलो. तिच्या आईनं दारातच थांबवलं.

"आता सांगून काय करता, तात्या? फोन वाजला तरी दचकती ती."