एकनाथने पाळलेलं सुतक

नांदे गावचा सलीम त्या सकाळी प्रयोगशाळेत शिरला, संवाद विसरून रंगमंचावर आलेल्या नटासारखा. बायकोला, चाँदबीला, मातीत ठेवून दहा दिवसही झाले नव्हते. रडू आलं नव्हतं, भूकही लागत नव्हती. हात सांगितलेलं काम करत होते, एवढंच.

पूर्वी तो ट्रकची इंजिनं दुरुस्त करायचा. मग विद्यापीठाने त्याला इंजिनांच्या प्रयोगशाळेत घेतलं. अंगाला डिझेलचा वास घेऊन घरी गेला की चाँदबी आतूनच ओरडायची, "आधी न्हाणी गाठा!"

आता तिथल्या प्रमुख किमया मॅडम जुनं इंजिन हायड्रोजनवर चालवणार होत्या. धूर नाही, वास नाही.

"पयल्यांदा मीच चालू करणार. किमया मॅडमनी शब्द दिलाय," त्याने चाँदबीला सांगितलं होतं.

"मग त्या दिवशी तसंच आत या," ती हसली होती.

तो दिवस आज होता. खंडेनवमीची यंत्रपूजा झाली की इंजिन सुरू करायचं ठरलं होतं. दरवर्षीसारखं सलीमने ते पुसून लख्ख केलं. इतक्यात त्याचा जुना सोबती, शेजारच्या चांदे गावचा एकनाथ, झेंडूचा हार घेऊन आला आणि त्याने सलीमचा हात धरला.

"सल्या, लांब हो. तुला सुतक हाय."

किमया मॅडमनी मान खाली घातली. सलीम भिंतीशी जाऊन उभा राहिला. हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. एकनाथने डोळे पुसत पुसत सगळं रीतीने केलं. मॅडमचा हात बटणाकडे गेला, तेव्हा कुठे तो चपापला.

"सल्या, तुमच्यात सुतक असतंय का रं?"

"न्हाई."

"मग मगाशीच बोलायचं की, गाढवा!"

"तू लई मनापास्नं पाळत व्हतास. म्हटलं, पाळू दे."

एकनाथने हातातलं खोबरं खाली ठेवलं. मग तो म्हणाला, "मॅडम, जरा बाजूला व्हा. त्याचं काम हाय त्ये."

सलीमने बटण दाबलं. इंजिन खोकलं, अडखळलं आणि सुरू झालं. धुराच्या नळीतून धुराऐवजी नुसते पाण्याचे थेंब गळू लागले. टाळ्या झाल्या. सलीमला त्या दुसऱ्याच कुठल्या तंबूतल्या खेळाच्या वाटल्या.

संध्याकाळी तो घरी गेला. पाय सवयीने न्हाणीकडे वळले आणि थांबले. मग तो तसाच आत गेला, तिच्या खाटेच्या कडेला बसला. सदऱ्याला कसलाच वास नव्हता.