पलंगाखालची हाडं

डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला माझ्या पलंगाखाली एका माणसाची हाडं होती. ठाण्याच्या आमच्या कॉलेजातल्या एका सीनियरकडून ती आली होती; दरवर्षी ती अशीच पुढच्याच्या हाती जातात. आई त्या खोलीत साडी बदलत नसे. पलंगाखाली परका पुरुष आहे, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. डोंबिवलीतल्या दोन खोल्यांच्या घरात ही मोठीच पंचाईत होती.

पितृपक्ष तोंडावर आला तशी ती म्हणाली, "त्या गृहस्थांना आता बाहेर काढ. या दिवसांत दुसऱ्या कुणाचे पितर घरात नकोत."

माझी तोंडी परीक्षा नेमकी त्याच पंधरवड्यात होती आणि खुब्याचं हाड विचारणार हे नक्की होतं. हे हाड भलतं बेरकी. हातात घेतलं की वर कुठलं आणि खाली कुठलं तेच कळत नाही, डावं-उजवं तर दूरच. ते घरात नसतं तर मी नापास झाले असते. हे पितर नव्हेत, अभ्यासाचं सामान आहे, हे आईला पटवायला मी दोन्ही खुबे आणि मागचं त्रिकोणी हाड रबराने बांधलं आणि पेपर अंथरून तिच्यासमोर ठेवलं. एवढ्या महिन्यांत ती तिन्ही मी एकत्र जोडून पाहिलीच नव्हती.

पुढच्या कमानीत माझा अंगठा आणि शेजारचं बोट ताणून बसलं. पुरुषाच्या हाडांत तिथे अंगठ्याशेजारची दोन बोटं फाकवून जेमतेम बसतात.

"आई, ही बाई आहे."

आई पेपराशी खाली बसली. "केवढी असेल?"

मांडीचं हाड बसतं त्या उखळीत खुब्याच्या हाडाचे लहानपणी सुटे असणारे तिन्ही भाग एकजीव झाले होते, म्हणजे लहान मूल नव्हतं. कमरेवर हात ठेवला की लागते ती वरची कड मात्र पुरती जुळलेली नव्हती. तिथे अजून रेघ होती.

"एकोणीस-वीस," मी म्हणाले.

"लग्न झालेलं?"

"ते हाडांवर दिसत नाही."

"घरचे कोण?"

"अशी हाडं बहुतेक बेवारस देहांची असतात."

"मग आत्ता तिला कुठे पाठवतेस?" आई म्हणाली आणि कुकर लावायला उठली.

हाडं राहिली. मी पासही झाले. सर्वपित्रीला आईने गच्चीवर दोन पानं वाढली. आजोबांच्या पानावर सगळं रीतसर होतं. दुसऱ्या पानावरची भाजी वेगळी दिसली म्हणून मी वाकून पाहिलं. मला तिखट सोसत नाही, म्हणून भाजीत मिरची घालण्याआधी आई माझी भाजी रोज बाजूला काढते. तीच तिने त्या मुलीला वाढली होती.