हिरव्या वाढ्याची कोपी

ये गं बाई, अशी जवळ ये. कागदावरच का होईना, पण जवळ ये, आन् आधी त्या कानाला काहीतरी बांध. मागल्या दिवाळीला आलीस तर उंबरा ओलांडायच्या आधीच नाकाला पदर लावलास. "आई, किती कोंडतंय गं," म्हणालीस. दारं-खिडक्या सताड उघडल्यास, मी खिडकीच्या फटीत कोंबलेल्या चिंध्या ओढून अंगणात टाकल्यास, आन् वर मलाच विचारलंस, "कावून कोंबतीस गं ह्या चिंध्या? येडी झालीस का?" दुसऱ्या दिवशी सकाळचीच एष्टी धरलीस. नेकनूरच्या फाट्यापर्यंत मी मागं मागं आलते. आईला येडी म्हणायला लेकीला काय लागतं? पण उत्तर हाय माझ्याकडं. अक्षरं मी तुझ्याच पाटीवर शिकले, तवा चुकलंमाकलं तुझंच समज.

तू तवा नुसती बसायला शिकलीवतीस. दुष्काळ असा, की पालीच्या धरणात मधोमध उभं राहिलं तरी पायाला ओल लागत नव्हती. तुझ्या आजीनं, म्हंजे माझ्या सासूनं, त्याच साली आमाला वेगळं काढलं. वेगळं म्हंजे काय, चार भांडी, एक घमेलं, आन् वेगळा कोयता. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात, तुला म्हाईत हाय. त्याआधी मी सासूच्या कोपीत एका कडंला निजायचे. ह्या साली सासू गाईपायी गावीच राहिली, आन् पहिल्यांदा माझी सोताची कोपी होणार होती. खोटं कशाला सांगू, मला आनंद झालता. घर म्हंजे घर, मग ते चटईचं का असंना.

टोळी दरसाल लांब पश्चिमेला जायची. त्या साली मुकादमानं आपल्याच जिल्ह्यातला एक सहकारी कारखाना धरला. कालव्याखालचा तेवढा ऊस उभा होता. माळावर तळ पडला. तुझ्या बापानं बांबूच्या कामट्या वाकवून रोवल्या, वरून चटई गुंडाळली, मी सुतळीनं आवळली. वाकून आत शिरायचं, बसूनच सगळं करायचं, उभं राहिलं की डोकं छताला. मी भुई शेणानं सारवली, भोवती चर खांदला, दाराला जुनं लुगडं लावलं. राहिलं ते वरचं पांघरूण. चटईतून वारं आरपार जातं, म्हणून सगळे वरून पाचट घालतात, उसाचा वाळका पाला. ऊबदार असतं, फुकट असतं, शेतात हवं तेवढं पडलेलं असतं.

मी पाचट घातलं न्हाई. मागल्या साली शेजारच्या टोळीची एक कोपी माझ्या डोळ्यांदेखत पेटलीवती. ठिणगी पडली आन् तवा गरम व्हायच्या आत कोपी संपली. आत कुणी नव्हतं म्हणून बरं. पण माझ्या कोपीत तू होतीस, आन् तुला ऊब द्यायला घमेल्यात विस्तव ठेवणं भागच होतं. म्हणून मी काढली शक्कल. उसाचे हिरवे शेंडे, ज्याला आपण वाढं म्हणतो, त्याच्या पेंढ्या बांधून वरून खाली कौलासारख्या लावल्या. हिरवं पेटत न्हाई. पण हिरवं लवकर सुकतं. मग रोज उसाच्या फडातून येताना डोक्यावर एक भारा आणायचा, सुकलेल्या पेंढ्या काढून बैलाला टाकायच्या, जागी ताज्या बांधायच्या. दिवसभर मोळ्या वाहून मान मोडलेली असायची, तरी ते केल्याशिवाय मी भाकरीला हात लावत नव्हते.

शेजारच्या कोपीतल्या मावशीनं टोळीत जन्म काढलेला. ती पायऱ्या मोजल्यागत माझ्या पेंढ्या बघायची आन् म्हणायची, "काय गं, कोपीला रोज नवं लुगडं नेसवतीस? आमाला दोन सालात एक मिळंना."

"जळत न्हाई मावशे."

"जळत न्हाई, पण खाल्लं तर जातंय की. सगळा मुलूख वैरणीला वखवखलाय, आन् तू घराला वैरण नेसवून बसलीस."

मी हसले. मला वाटलं, बैलाचं म्हणती. बैल तर मी लांब बांधलेवते.

लई दिवस चांगले गेले बघ. आत घमेल्यात गोवऱ्यांचा विस्तव, वरच्या टोकाला हातभर भोक ठेवलेलं, धूर सुतासारखा सरळ वर जायचा. बाहेर लोक कुडकुडायचे आन् तुझ्या कपाळाला घाम. माझी कोपी आतून हिरवा वास मारायची. मला तर वाटायचं, जन्मभर ह्यातच राहावं. ह्या घरात आज पक्क्या भिंती हायेत, पण तसं मला परत कुठंच वाटलं न्हाई.

मग कारखान्यानं जनावरांची छावणी उघडली. चांगलं काम होतं, न्हाई कशाला म्हणू. जिल्हाभर गुरं हंबरत होती. पण हुकूम निघाला, की तोडीचं सगळं वाढं छावणीला. आजवर वाढं तोडणाऱ्याचं असायचं, तो टोळीचा हक्कच. आपल्या बैलाला घालायचं, उरलं ते विकून मीठमिरची आणायची. ते गेलं. बैलापुरतं तेवढं मुकादमानं भांडून राखलं. आन् एका दुपारी फडातनं परत येऊन बघते, तर छावणीचा ट्रॅक्टर तळावर उभा.

दोघं जण होते. एकानं माझ्या कोपीला हात घातलावता.

"ए बाई, हे वाढं सोड."

"हे वाढं न्हाई, घर हाय माझं."

"घर कुठं दिसतंय? वैरण हाय ही. चांगली ताजी हाय."

"आत लेकरू निजतंय दादा."

"मग लेकरू काढून घे ना. आमी लेकरू न्हाई नेत."

मुकादम पळत आला. मला वाटलं, माझ्या बाजूनं बोलंल. तो मलाच म्हणाला, "भांडू नगंस. चेअरमनसायबाच्या कानावर गेलं तर टोळी उठवतील. सहकार हाय बाई, सगळ्यांचं हाय."

माझी जीभ तुला म्हाईतच हाय. मी म्हणाले, "सगळ्यांचं हाय तर सायबाच्या बंगल्यापुढं हिरवंगार गवत हाय, टँकरच्या पाण्यावरचं. ते नेलंत का? आधी ते कापा, मग माझ्या भिंतीला हात लावा."

ट्रॅक्टरवाला हसला. "लई बोलती रं ही!" म्हणाला आन् हसत हसत सुतळी तोडली.

तुझा बाप? तो कोयत्याला दगड लावत बसलावता. मान वर केली न्हाई. मी त्याला तवा लई बोलले, नंतरही बोलले. टोळी उठली असती तर जायचं कुठं, हे त्याला कळत होतं आन् मलाही कळत होतं. पण एकदा मान तरी वर करायची.

सगळ्या तळावर एकच कोपी सोलली गेली, आपली. बाकीच्यांचं वाळकं पाचट. ते जनावर खात न्हाई, म्हणून वाचलं. मी तुला आगीपासून राखायला गेले आन् तुझं घर चाऱ्यात मोजलं गेलं.

तू म्हणशील, मग दुसऱ्या दिवशी पाचट घालायचं की. घातलं असतं. पण नेमका दुसऱ्या दिवसापासनं आमच्या वाट्याला जळका ऊस आला. तोड लवकर उरकावी म्हणून मालक आधी फड पेटवून द्यायचे. त्यात पाचट कुठलं? नुसती काळी टिपरं आन् राख. मावशीनं आपल्या कोपीचं कवळाभर पाचट उपसून माझ्यापुढं टाकलं. म्हणाली, "ह्याच्यावर मागू नगंस. मलाबी आत नातू हाय." तेवढ्यानं एक बाजूही झाकली न्हाई.

मग खताच्या रिकाम्या पिशव्या गोळा केल्या, दाभणानं एकाला एक शिवल्या आन् चटईवर ताणल्या. वारं थांबलं. पण वाढ्यातून धूर पाझरायचा, तसा प्लॅस्टिकमधून पाझरत न्हाई. वरचं भोक उघडं ठेवावं तर कालव्यावरचा गारठा सरळ तुझ्या टाळूवर. झाकावं तर आत धूर डोळ्याला डोळा दिसू द्यायचा न्हाई. विस्तव बाहेर काढला की तुझी नखं निळी व्हायची, आत घेतला की तू खोकायचीस. मी दिवस उगवेस्तोवर तेच करायचे. भोक झाकायचं, उघडायचं, झाकायचं. थोडं उघडावं, थोडं झाकावं, असं मधलं काही त्या कोपीत राहिलंच नव्हतं.

तुझी छाती वाजायला लागली तशी कारखान्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "बाई, हिला धुरापासून लांब ठेवा."

"ठेवते साहेब. मग थंडीपासून कुठं ठेवू?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, औषधाची बाटली दिली आन् पुढच्याला बोलावलं. तो तरी काय करणार? त्याच्याकडं बाटलीच होती.

तू जगलीस. पण ती छाती तशीच राहिली. आज तुझ्या पर्समध्ये जो दम्याचा पंप असतो ना, तो त्या कोपीतला हाय. मी चुकले असं मात्र मी म्हणणार न्हाई. त्या साली मला दोनच गोष्टी दिल्यावत्या, त्यातली जिच्यात तू जगशील ती मी घेतली.

हंगाम संपून गावी आलो. दारात आपली गाय उभी, अंगावर मांस धरलेली. मी चकित झाले. सासूबाई तुला मांडीवर घेत म्हणाल्या, "नेकनूरकडच्या छावणीत होते गं मी हिला घेऊन. लई हाल. पण कारखान्यावरनं वाढ्याच्या गाड्या यायच्या. काही पेंढ्या तर सुतळीनं अशा सुबक बांधलेल्या, बाईच्या हातच्या. त्यानं तगली बघ."

ती सुतळी त्यांनी गुंडाळून जपून ठेवलीवती. मला दाखवली. गाठ माझीच होती.

गाईला बोलू का सासूला बोलू? आत गेले, चूल पेटवली, तिचंच दूध तापवलं आन् तुला पाजलं. सासूबाई गेल्या तरी त्यांना मी कधी सांगितलं न्हाई. चेअरमनसाहेबांचा मात्र छावणीसाठी सत्कार झाला, तालुक्याला, हारतुरे घालून. तुझ्या बापालाही ट्रकात भरून टाळ्या वाजवायला नेलंवतं.

तर हे असं हाय. थंडी पडली की माझा हात आपोआप चिंध्यांकडं जातो. फट दिसली की मला वारं दिसतं, आन् वारं दिसलं की तुझी निळी नखं. आन् तू येतीस ती नाकाला पदर लावून. तुला धूर नगं, मला फट नगं. दोघींची भीती एकाच कोपीतली, आन् तिच्यामुळंच आपली भेट होत न्हाई.

म्हणून आता ऐक. चूल मी परसात काढलीय, बाभळीखाली. आत गॅस घेतलाय, त्याचा चहा मला गोड लागत न्हाई, पण पिते. खिडकीतल्या चिंध्या सगळ्या काढल्या, एक सोडून. ती तू आलीस की तूच काढ, माझ्या हातानं निघत न्हाई. गोधडी उन्हात घातलीय. ह्या खेपेला एष्टीची वेळ बघत येऊ नगंस. थंडी हाय तवरच ये, लवकर ये.