दुसऱ्या पात्याचा आशीर्वाद

शनिवार, १२ ऑक्टोबर २०१९. तराज, कझाकस्तान. सकाळी ऊन, वारा जवळजवळ नाही. शेजारच्या सागिन्दिकचं विमान उडतं की पडतं ते पाहायला त्याच्याच गाडीतून माळावर गेले. पुढे तो आणि त्याची म्हातारी आई. मागे मी, त्याची बायको झाउरे आणि आम्हा दोघींच्या मांडीवर विमान.

बसडेपोतून निवृत्त झाल्यावर सागिन्दिकने बाल्कनीत ही रिमोटवर उडणारी छोटी विमानं बांधायला घेतली. पहिली दोन हवेतच थरथरली आणि इंजिनाचे स्क्रू ढिले होऊन पडली. झाउरेने बजावलं होतं, "हे तिसरं पडलं, की बाल्कनी माझी. हिवाळ्याचा कोबी आंबवायचं पिंप कुठे ठेवू मी, तुमच्या डोक्यावर?"

म्हणून या वेळी त्याने सगळा जीव विमानाच्या पुढच्या पंख्याच्या तोलात ओतला. पंख्याच्या भोकातून गुळगुळीत सळई घालायची, ती दोन टेकूंवर आडवी ठेवायची. जड पातं खाली जातं. ते घासायचं, नाहीतर हलक्या पात्याला रंगाचा थेंब द्यायचा. रंग म्हणून झाउरेचं लाल नेलपॉलिश संपलं. मग पंख्याच्या नाकावरची निमुळती टोपी बसवून पुन्हा तेच. काल रात्री पंखा जिथे सोडावा तिथेच थांबत होता.

माळावर इंजिन सुरू झालं आणि विमान हिवताप भरल्यासारखं थडथडायला लागलं. सागिन्दिकने घाईने इंजिन बंद केलं, पंखा सोडवून सळईवर ठेवला. एक पातं सपकन खाली गेलं. त्यावर चरबीचा जाड पट्टा.

"आई, हे तू?"

"मग कोण? नवी वस्तू पहिल्यांदा घराबाहेर निघाली, तिला चरबी लावायची नाही? तुझ्या सायकललाही लावली होती."

"सायकलवरूनही पडलो होतो मी."

"पण मेला नाहीस ना?"

त्याने रुमाल काढला.

"पूस, पूस. आईचा आशीर्वाद पूस."

त्याचा हात तिथेच थांबला. झाउरे शांतपणे म्हणाली, "पिंप मी धुऊनच ठेवलंय."

सागिन्दिकने पात्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "पुसत नाही गं. पण तू एकालाच दिलास. दुसरं रुसलंय बघ."

"मग आधी नाही का सांगायचं?" म्हातारीने पिशवीतून मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा तुकडा काढला आणि चोळला. आता दुसरं पातं खाली.

"जरा जास्त झालं, आई."

"आशीर्वाद कधी जास्त होतो का रे?" असं म्हणत तिने पहिल्यालाही आणखी लावला.

शेवटी सागिन्दिकने तिचा अंगठाच धरला आणि हलक्या पात्यावर नेलपॉलिशच्या ब्रशासारखा हलकेच टेकवला. पंखा आडवा थांबला. तिरपा ठेवला, तर तिरपाच राहिला.

इंजिन सुरू होताच दोन्ही पात्यांवरची चरबी झाउरेच्या नव्या कोटावर उडाली. ती काय बोलली ते आवाजात ऐकू आलं नाही, बरंच झालं. विमान पॉपलरच्या रांगेवरून घिरट्या घालून आलं आणि नीट उतरलं. म्हातारीने शुभ म्हणून त्याच्यावर मूठभर खाऊच्या गोळ्या उधळल्या. सागिन्दिकने एकेक स्क्रू चाचपला. सगळे घट्ट होते.

संध्याकाळी: झाउरेचं कोबीचं पिंप माझ्या बाल्कनीत आलं. कोबी दाबून धरायला झाकणावर ठेवायचा दगड नव्हता, म्हणून जुनी इस्त्री ठेवली.